डिस्क नव्वद टक्क्यांवर का अडकते?

पहिली डिस्क नीट होते. दुसरीही होते. तिसरी ऐंशी-नव्वद टक्क्यांपर्यंत जाते, ड्राइव्हचा आवाज बदलतो आणि पडद्यावर संदेश येतो : डिस्कवर लिहिता आले नाही, दुसरी डिस्क घाला. दुसरी घातली तर तीही जवळपास तिथेच थांबते. दोन तास जातात, कोऱ्या डीव्हीडींचे पाकीट संपते आणि लॅपटॉपची रिकव्हरी डिस्क काही तयार होत नाही.

हे आता जुन्या काळातले दुखणे वाटेल. नव्या लॅपटॉपमध्ये डीव्हीडी ड्राइव्हच नसतो. पण २००८ ते २०१२ या काळात घेतलेले लॅपटॉप वर्धा जिल्ह्यात अजूनही कामावर आहेत. एखाद्या पॅथॉलॉजी लॅबमधले रक्ततपासणीचे यंत्र जुन्या विंडोज ७ वरच चालणाऱ्या सॉफ्टवेअरला जोडलेले असते. दवाखान्यातल्या ईसीजी यंत्राचेही तसेच. शाळेचे, दुकानाचे, पतसंस्थेचे हिशेब एखाद्या जुन्या प्रोग्रॅममध्ये अडकलेले असतात. अशा लॅपटॉपची हार्ड डिस्क कुरकुरू लागली की नवा लॅपटॉप घेऊन प्रश्न सुटत नाही, कारण ते सॉफ्टवेअर नव्या विंडोजवर चालत नाही. मग कधीकाळी करायची राहून गेलेली रिकव्हरी डिस्क आठवते.

किल्ली घरातच ठेवलेली

पूर्वी संगणकासोबत विंडोजची सीडी मिळत असे. पुढे कंपन्यांनी ती देणे बंद केले आणि खर्च वाचवला. त्याऐवजी हार्ड डिस्कचाच एक कोपरा वेगळा काढून त्यात कारखान्यातली मूळ विंडोज, ड्रायव्हर आणि सोबतचे प्रोग्रॅम ठेवले जाऊ लागले. या कोपऱ्याला रिकव्हरी पार्टिशन म्हणतात. साधारण १० ते २० जीबीचा हा मजकूर ग्राहकाने पहिल्याच आठवड्यात तीन ते पाच डीव्हीडींवर उतरवून घ्यावा, अशी अपेक्षा असे. अनेक कंपन्यांच्या सॉफ्टवेअरमध्ये असा संच एकदाच करता येत असे.

या व्यवस्थेतली मेख उघड आहे. घराची जादा किल्ली घरातच ठेवली, तर कुलूप बाहेरून लागल्यावर तिचा उपयोग नाही. हार्ड डिस्क बिघडली की विंडोजही जाते आणि ती परत बसवण्याची सोयही तिच्यासोबत जाते. म्हणून हा मजकूर वेळीच बाहेर काढणे महत्त्वाचे.

इथे एक गल्लत टाळायला हवी. रिकव्हरी डिस्क म्हणजे बॅकअप नव्हे. ती लॅपटॉपला कारखान्यातून निघाला त्या दिवशीच्या अवस्थेत नेते. त्यानंतर साठलेले फोटो, अहवाल, हिशेब त्यात नसतात आणि ती चालवताना बहुधा पुसलेही जातात. त्यामुळे हार्ड डिस्क आवाज करत असेल, फाइल उघडायला फार वेळ लागत असेल, तर डिस्क बर्न करत बसण्याआधी स्वतःच्या फाइल बाहेरच्या हार्ड डिस्कवर किंवा पेन ड्राइव्हवर घ्याव्यात. आजारी हार्ड डिस्ककडे वाचनाची किती ताकद उरली आहे हे कळत नसते. उरलेली ताकद आधी अशा गोष्टीवर खर्च करावी, जी दुसरीकडे कुठेच मिळणार नाही.

प्रकाशाने लिहिलेली १२ किलोमीटरची ओळ

डिस्क का बिघडते हे समजायला ती कशी लिहिली जाते ते पाहावे लागते. कोरी डीव्हीडी वरून एकसंध दिसली तरी ती ०.६ मिलिमीटर जाडीच्या दोन चकत्या चिकटवून केलेली असते. मध्ये एका सेंद्रिय रंगद्रव्याचा अतिशय पातळ थर आणि त्यामागे चमकदार धातूचा थर असतो. डीव्हीडीच्या खालच्या बाजूला दिसणारी जांभळट झाक या रंगद्रव्याची.

ड्राइव्हमधला लेसर ६५० नॅनोमीटर तरंगलांबीचा, म्हणजे लाल रंगाचा असतो. वाचताना तो अगदी मंद असतो. लिहिताना त्याची शक्ती कित्येक पट वाढवली जाते. जिथे हा प्रखर झोत पडतो, तिथले रंगद्रव्य तापून विघटित होते आणि तो ठिपका कमी प्रकाश परतवतो. चमकदार आणि मंद ठिपक्यांच्या लांबीत शून्य आणि एक दडलेले असतात. सर्वात लहान ठिपका ०.४ मायक्रोमीटरचा. दोन शेजारच्या वेढ्यांमधले अंतर ०.७४ मायक्रोमीटर. डोक्याच्या एका केसाच्या जाडीत असे सुमारे शंभर वेढे मावतात.

हे सगळे वेढे म्हणजे आतून बाहेर जाणारी एकच सलग ओळ असते. ती उलगडून सरळ ठेवली तर सुमारे १२ किलोमीटर भरेल. वर्ध्याहून सेवाग्राम गाठून पुढेही उरेल इतकी. एवढ्या लांब ओळीवर, फिरत्या चकतीवर, लेसरचा बिंदू क्षणभरही न ढळता चालवायचा असतो. डिस्क बिघडते यापेक्षा ती बहुतेक वेळा नीट होते, हेच नवल आहे.

डिस्क शेवटाकडे अडकण्याचे कारणही या रचनेत आहे. लेखन केंद्राजवळ सुरू होते आणि कडेला संपते. चकती मध्यभागी धरलेली असते, त्यामुळे ती जराशी जरी वाकलेली असली तरी सर्वाधिक डुगडुग कडेला होते. बहुतेक ड्राइव्ह बाहेर जाताना लिहिण्याचा वेगही वाढवतात. स्वस्त डिस्कमध्ये रंगद्रव्याचा थर कडेला सारखा बसलेला नसतो. हाताचे ठसे आणि चरेही कडेलाच जास्त. त्यातच लिहून लिहून ड्राइव्ह तोवर तापलेला असतो. या सगळ्याची गाठ ऐंशी-नव्वद टक्क्यांवर पडते.

नवतप्यात लेसरचे काय होते

वर्ध्यात मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जाणे नवलाचे नाही. बहुतेक लॅपटॉपच्या माहितीपत्रकात मात्र वापरासाठी भोवतालच्या तापमानाची मर्यादा ३५ अंश दिलेली असते. नवतप्यातल्या दुपारी पत्र्याच्या छताखालच्या खोलीत ही मर्यादा लॅपटॉप सुरू करण्याआधीच ओलांडलेली असते. त्यात जिनिंगच्या हंगामात उडणारे कापसाचे तंतू आणि रस्त्याची धूळ पंख्याच्या जाळीत बसलेली असेल, तर आतली उष्णता बाहेर पडायला वाटच राहत नाही.

लेसर हा अर्धवाहकाचा तुकडा असतो. तो तापला की तेवढाच प्रकाश देण्यासाठी त्याला जास्त विद्युतप्रवाह लागतो, आणि त्याची तरंगलांबीही किंचित सरकते. रंगद्रव्य ठरावीक तरंगलांबीलाच नीट प्रतिसाद देते. म्हणून प्रत्येक ड्राइव्ह लेखन सुरू करण्याआधी डिस्कच्या आतल्या बाजूला राखून ठेवलेल्या पट्टीवर थोडेसे लिहून पाहतो आणि लेसरची शक्ती किती ठेवायची ते ठरवतो. स्वयंपाकात मीठ चाखून पाहावे तसा हा प्रकार. लेसर थकलेला असेल, भिंगावर धूळ असेल किंवा डिस्क फारच हलकी असेल, तर ही चाखणीच फसते आणि पॉवर कॅलिब्रेशन एरर असा संदेश येतो. चाखणी जमली तरी पुढच्या पंधरा मिनिटांत तापमान चढत गेले, तर सुरुवातीला ठरवलेले माप शेवटाला अचूक राहीलच असे नाही.

कुलरसमोर लॅपटॉप ठेवून हे काम करणेही बरे नव्हे. हवा थंड मिळते, पण तिच्यासोबत ओल आणि धूळ येते. भिंगावर बसलेला ओलसर धुळीचा थर नुसत्या फुंकरीने जात नाही. डिस्क ज्या पॉलिकार्बोनेटची असते ते प्लॅस्टिकही हवेतली ओल थोडी शोषते, आणि एका बाजूने जास्त शोषली तर चकती अगदी सूक्ष्म वाकते.

उपाय साधा आहे. हे काम पहाटे करावे. लॅपटॉप गादीवर किंवा मांडीवर न ठेवता टेबलावर, मागून थोडा उचलून ठेवावा. दोन डिस्कच्या मध्ये दहा-पंधरा मिनिटे विश्रांती द्यावी.

डिस्कचा दोष की हार्ड डिस्कचा?

बर्निंग फसले की सगळा राग कोऱ्या डिस्कवर निघतो. पण या कामात तीन भागीदार असतात. जिथून मजकूर वाचला जातो ती हार्ड डिस्क, लिहिणारा ड्राइव्ह आणि कोरी डिस्क. पडद्यावरचा संदेश तिघांपैकी नेमका कोण आजारी आहे हे क्वचितच सांगतो. डॉक्टर जसा एकाच तापाची अनेक कारणे मनात ठेवून एकेक वगळत जातो, तसेच इथे करावे लागते. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हा त्यातला मुख्य नियम.

पहिली तपासणी फुकटात होते. डिस्क कुठे थांबते ते टक्के कागदावर लिहून ठेवावेत. वेगवेगळ्या डिस्क अगदी त्याच क्रमांकावर आणि त्याच टक्क्याला थांबत असतील, तर संशय हार्ड डिस्कवर घ्यावा. रिकव्हरी पार्टिशनमधला एखादा भाग खराब झालेला असतो. हार्ड डिस्क तो पुन्हा पुन्हा वाचू पाहते, मजकूर पुढे सरकत नाही आणि शेवटी सॉफ्टवेअर हात टेकते. थांबण्याची जागा दर वेळी बदलत असेल, तर डिस्क किंवा ड्राइव्हकडे पाहावे.

दुसरी तपासणी म्हणजे त्याच पाकिटातल्या कोऱ्या डिस्कवर चार जीबीची साधी गाणी किंवा व्हिडिओ बर्न करून पाहणे. शक्यतो ते पेन ड्राइव्हवरून घ्यावेत, म्हणजे हार्ड डिस्कचा संबंध कमी राहतो. हे काम पूर्ण झाले, तर ड्राइव्ह आणि डिस्क दोन्ही ठीक आहेत. फसले, तर दुसऱ्या कंपनीची डिस्क वापरून पाहावी. तीही फसली, तर ड्राइव्हचा लेसर थकला असण्याची शक्यता मोठी. यूएसबीला जोडायचा बाहेरचा डीव्हीडी रायटर कोणाकडून मागून आणून पाहता येतो. त्यातले काही ड्राइव्ह एका यूएसबी पोर्टच्या विजेवर भागत नाहीत. त्यांना दोन टोकांची केबल लागते.

तिसरी तपासणी हार्ड डिस्कची. क्रिस्टलडिस्कइन्फोसारखा मोफत प्रोग्रॅम हार्ड डिस्कने स्वतःच नोंदवून ठेवलेली प्रकृती दाखवतो. त्यात रिअलोकेटेड सेक्टर किंवा पेंडिंग सेक्टर यांची संख्या शून्याहून जास्त असेल, तर खराब भाग तयार होऊ लागले आहेत. ती संख्या वाढत असेल, तर बर्निंगचे प्रयोग तिथेच थांबवावेत.

एका कंपनीची डिस्क चालते आणि दुसरीची चालत नाही, यात नशिबाचा भाग नाही. प्रत्येक कोऱ्या डिस्कवर तिच्या उत्पादकाचा आणि प्रकाराचा एक सांकेतिक क्रमांक आधीच कोरलेला असतो. कोणत्या क्रमांकाला लेसर कसा द्यायचा, याची यादी ड्राइव्हच्या स्मृतीत असते. यादीत नसलेली डिस्क आली की ड्राइव्ह सरधोपट पद्धत वापरतो. २००९ च्या ड्राइव्हला त्यानंतर बाजारात आलेल्या डिस्क अनोळखी असू शकतात. दुकानात वर्षानुवर्षे उन्हात टांगून ठेवलेले पाकीटही टाळावे. कोऱ्या डिस्कचे रंगद्रव्यही उष्णतेने आणि प्रकाशाने म्हातारे होते.

पुन्हा प्रयत्न करताना

काही चुका अगदी साध्या असतात. रिकव्हरी सॉफ्टवेअर ज्या प्रकारची डिस्क मागते तीच द्यावी. डीव्हीडी-आर आणि डीव्हीडी+आर हे दोन वेगळे प्रकार आहेत. पुन्हा पुन्हा लिहिता येणारी आरडब्ल्यू डिस्क किंवा दुप्पट क्षमतेची ड्युअल लेयर डिस्क अनेक सॉफ्टवेअर स्वीकारत नाहीत. डिस्कवर ४.७ जीबी लिहिलेले असते आणि संगणक ४.३८ दाखवतो, म्हणून फसवणूक झाली असे समजू नये. कंपनी हजाराच्या हिशेबाने मोजते आणि विंडोज १०२४ च्या. डिस्क तीच असते.

सी ड्राइव्हवर पुरेशी मोकळी जागा असावी. अनेक प्रोग्रॅम आधी डिस्कची पूर्ण प्रत हार्ड डिस्कवर तयार करतात आणि मग ती उतरवतात. जागा नसेल तर ते मध्येच अडतात, आणि संदेश मात्र डिस्कविषयी देतात. लॅपटॉप आपोआप झोपी जाण्याची सोय तात्पुरती बंद करावी. अँटिव्हायरसची तपासणी त्या वेळी चालू नसावी. बर्निंगचे दोन-तीन वेगवेगळे प्रोग्रॅम आधीपासून बसवलेले असतील तर ते एकमेकांच्या पायात येतात. नको असलेले काढून टाकावेत.

वेग निवडण्याची सोय असेल तर ४ एक्स ठेवावा. या वेगाने पूर्ण डिस्क सुमारे पंधरा मिनिटांत लिहून होते. जितके हळू तितके चांगले, हा समज मात्र पूर्ण खरा नाही. जलद लेखनासाठी बनवलेल्या डिस्कचे रंगद्रव्य फार मंद गतीला उलट जास्त भाजले जाऊ शकते.

विजेचा विचारही करावा. चार्जर लावलेला असावाच, पण बॅटरीही जिवंत असावी. जुन्या लॅपटॉपची बॅटरी बहुधा मेलेली असते आणि तो केवळ चार्जरवर चालतो. लाइट एक सेकंद गेली तरी तो बंद पडतो. एकदाच लिहिता येणारी डिस्क तिथेच वाया जाते. बॅटरी नसेल तर इन्व्हर्टरवर काम करावे.

ड्राइव्हचे झाकण उघडले की लॅपटॉपमधले भिंग समोरच दिसते. रबरी फुग्याने हवा मारून त्यावरची धूळ उडवावी. तोंडाने फुंकू नये, थुंकीचे कण बसतात. कपड्याच्या टोकाने पुसू नये, भिंग ज्या नाजूक तारांवर तरंगते त्या वाकतात.

झाली म्हणजे झाली असे नाही

डिस्कने शंभर टक्के दाखवले म्हणजे ती कामाची आहे, असे लगेच मानू नये. डिस्कवर मजकुरासोबत चुका दुरुस्त करणारे जादा अंकही लिहिलेले असतात. १९६० मध्ये आयर्व्हिंग रीड आणि गुस्ताव सॉलोमन या दोन अमेरिकी गणितज्ञांनी मांडलेली पद्धत त्यामागे आहे. तिच्यामुळे बारीक चरा, धुळीचा कण किंवा पुसट ठिपका यांनी हरवलेला मजकूर गणिताने परत मिळतो. पण ही उदारता फसवीही आहे. डिस्क दुरुस्तीच्या अगदी काठावर असली तरी आज ती उघडते. दोन उन्हाळ्यांनी रंगद्रव्य आणखी फिके पडले की काठ ओलांडला जातो, आणि डिस्क एका दिवसात निकामी झाल्यासारखी वाटते.

म्हणून संचातली प्रत्येक डिस्क दुसऱ्या संगणकात घालून तिची पूर्ण प्रत काढून पाहावी. सुरुवातीपासून शेवटपर्यंत न अडखळता वाचली गेली, तर विश्वास ठेवायला हरकत नाही. त्या प्रती पेन ड्राइव्हवर जपून ठेवल्या, तर पुढे डिस्क खराब झाली तरी नवी करता येते. पहिली डिस्क घालून लॅपटॉप तिच्यावरून सुरू होतो का, हेही पाहावे. मात्र मेनू दिसताच बाहेर पडावे. पुढचे बटण दाबले तर लॅपटॉप रिकामा होण्यास सुरुवात होईल.

रुग्णाच्या पिशवीतली सीडी

हेच शास्त्र वर्ध्यातल्या हजारो घरांमध्ये वेगळ्या रूपात पोहोचलेले आहे. सेवाग्रामचे कस्तुरबा रुग्णालय आणि सावंगी मेघेचे आचार्य विनोबा भावे ग्रामीण रुग्णालय, ही दोन मोठी शिक्षण रुग्णालये जिल्ह्यात आहेत. यवतमाळ, चंद्रपूरकडचे रुग्णही इथे येतात. अशा रुग्णांच्या पिशवीत अनेकदा आधीच्या सीटी स्कॅन किंवा एमआरआयची सीडी असते. फिल्मवर निवडक चित्रे असतात. सीडीवर सगळी असतात, आणि ती डॉक्टरला वर-खाली सरकवून पाहता येतात.

ही सीडी गाडीच्या काचेखाली, एसटीच्या खिडकीजवळच्या पिशवीत किंवा पत्र्याच्या पेटीत राहते. अमेरिकेच्या एनआयएसटी या प्रमाणन संस्थेने २००३ मध्ये काढलेल्या मार्गदर्शिकेत डिस्क दीर्घकाळ जपण्यासाठी ४ ते २० अंश तापमान आणि २० ते ५० टक्के आर्द्रता सुचवली आहे. विदर्भातल्या घराला हे जमणारे नाही. पण काही गोष्टी जमतात. डिस्क कडक डबीत, उभी, कोठीतल्या गार आणि अंधाऱ्या कप्प्यात ठेवावी. तिच्यावर कागदी चिकटपट्टी लावू नये, ती डिस्कचा तोल घालवते. नाव लिहायचे तर पाण्यावर आधारित शाईच्या मऊ पेनाने, मधल्या पारदर्शक कड्यावर लिहावे. सीडीची छापील बाजू अधिक जपावी. डीव्हीडीत मजकुराचा थर दोन चकत्यांच्या मध्ये असतो, पण सीडीत तो छापील बाजूच्या लगेच खाली असतो, आणि तिथला चरा कायमचा ठरतो. मिळालेल्या सीडीची प्रत त्याच आठवड्यात पेन ड्राइव्हवर घेऊन ठेवली, तर पुढच्या तपासणीला तेच स्कॅन पुन्हा करण्याची वेळ टळू शकते. पैसे वाचतात, आणि सीटी स्कॅनच्या बाबतीत क्ष-किरणांचा जादा डोसही वाचतो.

डिस्कचा हट्ट कधी सोडावा

दोन कंपन्यांच्या डिस्क आणि एक बाहेरचा ड्राइव्ह वापरूनही संच होत नसेल, तर वाट बदलावी. बाहेरची हार्ड डिस्क जोडून क्लोनझिलासारख्या मोफत प्रोग्रॅमने संपूर्ण हार्ड डिस्कची प्रतिमा घेता येते. पॅथॉलॉजी लॅबच्या लॅपटॉपसाठी तर हाच मार्ग जास्त उपयोगाचा. रिकव्हरी डिस्कने फक्त कारखान्यातली विंडोज परत येईल. प्रतिमेतून यंत्राचे सॉफ्टवेअर, त्याची मांडणी आणि जुने अहवालही परत येतात. प्रतिमा घेण्याआधी लॅपटॉपच्या तळाशी चिकटवलेल्या विंडोजच्या २५ अक्षरी क्रमांकाचा फोटो काढून ठेवावा. हाताच्या घामाने ती अक्षरे पुसट होत असतात.

विंडोज ८ पासून हा क्रमांक बहुधा लॅपटॉपच्या मदरबोर्डमध्येच साठवलेला असतो आणि रिकव्हरी पेन ड्राइव्हवर करता येते, त्यामुळे नव्या लॅपटॉपला डीव्हीडीची झळ लागत नाही. किल्ली घराबाहेर ठेवण्याचे काम मात्र त्यांनाही चुकलेले नाही. विंडोज ७ ला मायक्रोसॉफ्टने १४ जानेवारी २०२० नंतर सुरक्षा-सुधारणा देणे थांबवले आहे. त्यामुळे परत उभा केलेला जुना लॅपटॉप यंत्राला जोडून ठेवावा, इंटरनेटला जोडू नये. आणि तो सुरळीत चालत असतानाच त्याची एक प्रत दुसऱ्या खोलीत, दुसऱ्या कपाटात ठेवून द्यावी.